मामांची दुसरी चाचणी

माझ्या शिक्षणाला मराठीत धड नाव नव्हतं. कागदोपत्री ‘व्यवसायोपचार’ असा शब्द होता आणि त्या शब्दाने मला पहिलं वर्षभर छळलं. परभणीच्या एका दवाखान्यात रुजू झाले, दारावर पाटी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात दोन माणसं पिठाच्या गिरणीसाठी कर्जाचा अर्ज कुठे द्यायचा ते विचारून गेली. मी समजावून सांगायचे, की अपघाताने किंवा आजाराने ज्याचा हात-पाय अधू झाला त्याला त्याचं रोजचं काम पुन्हा करता यावं, ते शिकवण्याचं हे शास्त्र आहे. लोक मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, म्हणजे मालीश. मी भांडायचे. माझी जीभ तेव्हाही तिखट होती, पण सरकारी नोकरीत फार दिवस भांडत राहता येत नाही. वर्षाच्या आत ‘मालीशवाल्या बाई’ या हाकेला मी ओ द्यायला लागले.

पुढे मी ज्या कामात आयुष्य काढलं ते याहून अरुंद आणि याहून अवघड. पाय गेलेला, अर्धांग झालेला माणूस पुन्हा गाडी चालवू शकेल का ते तपासायचं, आणि शकत असेल तर त्याला शिकवायचं. आता त्याचे वर्ग निघतात, परीक्षा होतात, नावामागे अक्षरं लावता येतात. हुशार मुली येतात आणि विचारतात, मॅडम, तुम्ही या क्षेत्राकडे कशा वळलात? मी त्यांना माझ्या प्रमाणपत्राची हकिगत सांगते. ती सांगायला सोपी आहे. मामांची हकिगत मी सांगत नाही, आणि खरं तर मला रोज आठवण येते ती मामांचीच.

कागदाचं आमच्या घरात फार प्रस्थ होतं. वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत, सही करण्यापुरते शिकलेले. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, आत्या आपलं गाव सोडून आमच्याकडे आली ती परत गेली नाही, आणि ती का आली हे पूर्ण्यात कुणाला विचारावं लागलं नाही. मी तेव्हा नागपूरला शिकत होते. धाकट्या भावाने बी.ए. पास होऊनही पदवीचा कागद आणला नव्हता. विद्यापीठाचं नाव बदलेल त्या दिवशी नव्या नावाचाच कागद घेईन म्हणायचा. चौऱ्याण्णव साली तो खरोखर गेला आणि घेऊन आला, पण तोवर सरकारी नोकरीचं त्याचं वय उलटून गेलं होतं. वडील त्याला कधी रागावले नाहीत. मला मात्र म्हणायचे, तू मिळेल तेवढे कागद घे.

तर मामा. अख्खा दवाखाना त्यांना मामा म्हणायचा म्हणून मीही म्हणायचे. पेडगावचे, शेतकरी घरातले, एका सरकारी कचेरीच्या जीपवर ड्रायव्हर. पालमच्या रस्त्यावर टायर बदलताना जॅक सरकला आणि डावं पाऊल चाकाखाली सापडलं. जखम चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली वीतभर ठेवून पाय काढावा लागला. रबराचा पाय बसवून ते माझ्या खोलीत आले तेव्हा इतके व्यवस्थित चालत होते, की अनोळखी माणसाला शंकाही आली नसती. मी म्हणाले, मामा, तुमचं सगळं छान झालंय, आता माझ्याकडे काय काम काढलंत?

“बाई, चालता येतंय हो. मला चालवता यायला पायजे.”

कचेरीने त्यांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. शिपायाच्या जागेवर घेतलं होतं. पाणी द्यायचं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. पण पोर्चात जीप येऊन थांबली, की आत पाण्याचा ग्लास भरता भरता मामांना कळायचं, नव्या ड्रायव्हरने गिअर कसा टाकला ते. त्या कचेरीची एक रीत होती. ड्रायव्हर निवृत्त व्हायचा त्या दिवशी गाडी धुऊन तिला हार घालायचे. तो साहेबांना बसवून गावातून एक फेरी मारायचा, गाडी पोर्चात लावायचा आणि चावी साहेबांच्या हातात द्यायचा. साहेब ती कपाळाला लावून पुढच्या ड्रायव्हरला द्यायचे. मामांना जीप तशीच मिळाली होती. शिपाई निवृत्त झाला तर त्याला नारळ आणि टॉवेल-टोपी. मामांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढी एक फेरी मपल्या हातानं, म्हणजे माझ्या हातानं, मारू द्या, मग बसवा घरी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. माझ्या पुस्तकात या विषयावर एक प्रकरण होतं, परीक्षेला कधी न येणारं. त्यातल्या चित्रांमध्ये गोरी माणसं लांबलचक मोटारींमध्ये बसलेली, आणि स्टिअरिंग भलत्याच बाजूला. तरी मी हो म्हणाले. माझं शिक्षण नेमकं कशासाठी आहे ते न समजावता ओळखणारा हा पहिला माणूस होता, आणि तेवढ्यावर मी फिदा झाले होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी माझं गाव विचारलं. मग आडनाव. मग पूर्ण्याच्या आधीचं मूळ गाव, आणि त्या गावात घर कोणत्या अंगाला. त्या वर्षांमध्ये हे प्रश्न कोणी सहज विचारत नव्हतं आणि आम्हीही ते सहज ऐकत नव्हतो. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, आवाज चढवूनच, आणि वर म्हणाले की दुसऱ्या कुणाकडे शिकायचं असेल तर नांदेडला चौकशी करा. मामांनी रबराच्या पायाचा पट्टा आवळला. मग म्हणाले, “दुसरं हाय कोण?” मला हसू आवरेना म्हणून मी कपाटात काहीतरी शोधण्याचं नाटक केलं. पुढे ते माझ्या किटलीतला चहा घ्यायला लागले. त्याला दोन महिने लागले, हेही खोटं नाही.

सुरुवात शिवणयंत्रावर झाली. खोलीत एक पायाचं यंत्र होतं, पायाच्या व्यायामासाठीच दिलेलं. रबराच्या पावलाला काही कळत नाही. ते पेडलवर टेकलंय की नाही, किती दाबलं गेलंय, हे माणसाला गुडघ्यावरून आणि मांडीवरून ओळखायला शिकावं लागतं. मामांनी पंधरा दिवसांत दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवून काढले आणि मला शपथ घातली, की हे पेडगावच्या माणसाला सांगायचं नाही.

मग बस स्टँडमागच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला मी गाठलं. जुन्या जीपची सीट, तीन पेडल आणि स्टिअरिंगचं चाक एका जाड फळीवर बसवून हवं होतं, क्लचला खऱ्या गाडीइतकी ताठ स्प्रिंग हवी होती, आणि समोर एक लाल दिवा, जो मी मागे बसून बटणाने लावीन. मिस्त्रीने सगळं मनापासून करून दिलं. फळी दवाखान्यात आणून टाकल्यावर त्याने त्याच्या गोड दखनी उर्दूत एवढंच विचारलं, की बाईसाहेब बाकीची गाडी कधी नेणार.

त्या फळीवर आम्ही तीन महिने घालवले. मी दिवा लावायचे, मामांनी ब्रेक दाबायचा आणि त्याच वेळी डाव्या पायाने क्लच. सुरुवातीला ते दर वेळी खाली वाकून पाय बघायचे. रस्त्यावर असं बघणारा माणूस समोरच्याला उडवतो. मी सांगून थकले. शेवटी एक पांढरी चादर त्यांच्या गळ्याभोवती बांधली आणि तिची खालची दोन टोकं चाकाला अडकवली, म्हणजे पाय दिसायलाच नको. मामा म्हणाले, कटिंग करायलाव की दाढी? पण आठवड्याभरात मान वर राहायला लागली. महिन्याभरात मी चादर काढली आणि दिवा लावला, आणि मामांनी समोर बघत बघत दोन्ही पाय एका वेळी अचूक दाबले. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोलीतून क्ष-किरणवाले डोकावून गेले.

पुस्तकात लिहिलं होतं, की कृत्रिम पाय असलेल्या माणसाने कडक तळाचे, नाडीचे बूट घालूनच सराव करावा. पुस्तकात आहे म्हटल्यावर संपलंच. मी मामांना पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले, आणि ते माझ्याच कपाटात राहायचे. मामा आले की चपला दाराबाहेर काढायचे, आत येऊन बूट चढवायचे, आणि जाताना बूट कपाटात ठेवून पुन्हा चपला. रोज माझ्या डोळ्यांसमोर चालायचं हे. मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

पुढे मिस्त्रीने त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली एक जुनी जीप मालकाला विचारून रविवारी मिळवून दिली. कापसाच्या जिनिंगमागच्या माळावर मामा दीड वर्षाने पहिल्यांदा खऱ्या गाडीत बसले. शेजारी मिस्त्री, मागे मी. मला वाटलं होतं ते घाबरतील. ते मुळीच घाबरले नाहीत, उलट आम्हा दोघांनाच जरा गप्प बसा म्हणाले. गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात कधी गेली ते मला कळलं नाही. बाभळींच्या कडेने लांबलचक वळसा घालून त्यांनी गाडी निघाली तिथेच आणून उभी केली आणि मागे वळून मला म्हणाले, “बाई, तुमी बी शिका की. म्या शिकवतो.”

नंतर बघू, म्हणाले मी. आज मी उत्तम गाडी चालवते, दोन मोठ्या शहरांच्या गर्दीत चालवलेली आहे. शिकवणारा कोणी भाड्याचा माणूस होता, त्याचा चेहराही आठवत नाही. त्या माळावर मामांकडून शिकायचं राहिलं, याची हुरहुर अजून जात नाही. ती सकाळ, ती जीप, मागच्या सीटवर उडणारी धूळ आणि समोर मामांची ताठ मान, हे सगळं मला परत हवंय, आणि ते कुठल्याही वर्गात मिळत नाही.

चाचणीची तारीख मिळाली तेव्हा दसरा होऊन तीन-चार दिवस झाले होते. मी तीन पानी अहवाल लिहिला. वरच्या ओळीत वय छप्पन्न, खाली ताकद, हालचाल, दिवा लागल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा वेळ, आणि शेवटी ठळक अक्षरात माझं मत, की हा माणूस वाहन चालवण्यास योग्य आहे. परवान्याच्या चाचण्या घेणारे निरीक्षक मैदानावर टेबल टाकून बसले होते. त्यांनी तिन्ही पानं वाचली, हे मी त्यांच्याबद्दल आवर्जून सांगते. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, अहवाल फार चांगला आहे. पण असा दाखला देण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या कागदाने मिळाला?”

त्यांचा स्वर अजिबात वाईट नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं.  तसा कागद माझ्याकडे नव्हता. देशात तो कुणाकडे होता की नव्हता, हेही मला माहीत नव्हतं. निरीक्षक म्हणाले, असू द्या, आपण माणूसच चालवून बघू.

चाचणीसाठी कचेरीने मामांची स्वतःचीच जीप पाठवली होती. दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तिच्या गळ्यात होता, वाळलेला, आणि त्या सकाळी नव्या ड्रायव्हरने ती पाणी मारून आतून-बाहेरून धुऊन आणली होती. मामा तिच्याजवळ गेले. बॉनेटवर हात ठेवला, तो हात कपाळाला लावला. मग दाराशी खाली वाकून त्यांनी सावकाश दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, एकाशेजारी एक नीट मांडून ठेवले, आणि अनवाणी आत चढले.

मी वीस पावलांवर उभी होते. मी हे सगळं पाहिलं आणि मला ते बरोबर वाटलं. पुढचं काहीही मी स्वतःला माफ करीन, पण हे नाही. उलट माझे डोळे भरून आले. आमच्याकडे आपल्या गाडीत कोणी पायताण घालून चढत नाही. सायकलची पूजा झाली की वडील दिवसभर तिच्यावर अनवाणी बसायचे. मी याच मातीतली, आणि चार महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की मिस्त्रीची गाडी परकी, फळी तर गाडीच नव्हे, पण आपल्या जीपमध्ये हा माणूस बूट घालून चढणार नाही. माझं पुस्तक लिहिणाऱ्यालाही ते सुचणं शक्य नव्हतं.

गाडी सुरू झाली आणि पहिला गिअर टाकताना त्याचे दाते घासल्याचा आवाज आला. बुटाच्या टाचेने जी उंची मिळायची ती गेली होती, पाय दोन बोटं आखूड पडत होता, आणि गुळगुळीत रबर ओल्या पेडलवरून निसटत होतं. क्लच पुरता दबतच नव्हता. मामांनी खाली वाकून पाय बघितला. मग पुन्हा बघितला. गाडी मागे घेताना तिने आचका दिला आणि खुणेला ठेवलेलं रिकामं पिंप आडवं होऊन घरंगळत गेलं. मामांनी इंजिन बंद केलं, हात चाकावर तसेच ठेवून ते बसून राहिले.

निरीक्षकांनी कागदावर नापास लिहिलं आणि खाली स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली, की एक महिन्यानंतर पुन्हा चाचणी घेता येईल. मी मामांपाशी गेले आणि रागाने विचारलं, बूट कशाला काढलेत? मीच काहीतरी वेडंवाकडं विचारतेय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“गाडीत बूट घालून कसं बसावं, बाई? मपली गाडी हाय ती.”

उपाय मला तिथेच, त्या मैदानावरच कळला होता. पायाची उंची अनवाणी बसण्याच्या मापाने वाढवून घ्यायची, तळाला खरखरीत पट्टी चिकटवायची, आणि तीन आठवडे अनवाणी सराव. महिना त्याला भरपूर होता. हे मी आज शहाणपणाने म्हणत नाही, तेव्हाच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. पण डोक्यात फिरत होता तो निरीक्षकांचा प्रश्न. मामा बुटांमुळे नापास झाले हे मला माहीत होतं, तरी आठ दिवसांत मी स्वतःची समजूत घातली, की ते माझ्याजवळ कागद नव्हता म्हणून नापास झाले.

आणि नवव्या दिवशी पत्र आलं. वर्षाच्या सुरुवातीला मी मुंबईच्या एका संस्थेत अर्ज केला होता. अपंग माणसांना वाहन चालवायला शिकवण्याचा दहा महिन्यांचा वर्ग, परदेशातून येणारे शिक्षक, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. पुढच्या तुकडीत येते असं कळवता आलं असतं. मी तसं विचारलंसुद्धा नाही. वडिलांनी पत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आईला काहीतरी गोड कर म्हणाले.

मामांना मी खोलीत बसवून सांगितलं. दहा महिन्यांनी मी कागद घेऊन येते, मग तुमची चाचणी अडवायची कुणाची छाती होणार नाही. त्यांनी बोटांवर महिने मोजले. निवृत्तीला तेव्हा चौदा महिने होते, म्हणजे मी आल्यावर चार उरत होते. चारात होतंय की, म्हणाले. आणि मी वर त्यांना बजावलं, की मी नसताना चाचणीला जाऊ नका, पुन्हा नापास झालात तर कायमचं अवघड होईल. त्यांनी मान डोलावली. माझा शब्द ते पाळायचे, हे मला ठाऊक होतं.

मुंबईत मी फार सुखात होते. ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा अशी माणसं भेटली होती ज्यांना माझं काम समजावून सांगावं लागत नव्हतं. वर्गात मी माझ्या फळीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा परदेशी बाईंनी ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. मी बूट आणि अनवाणी पाय यावर एक टिपण लिहिलं, त्याचं कौतुक झालं. कौतुक ऐकताना मला मामांची आठवण येत होती, आणि खांद्यावरचा पदर सारखा करावा तितक्या सहजपणे मी ती बाजूला सारत होते. मधे त्यांचं एक पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तब्येत बरी आहे, पाय चालू ठेवला आहे, बाई कधी येणार. मी उलट टपाली लिहिलं, लवकरच.

दहा महिने संपताना निवडक तिघांना आणखी चार महिने प्रत्यक्ष कामासाठी ठेवून घ्यायचं ठरलं. त्या तिघांत मी होते. त्याने प्रमाणपत्रावर एक वरची श्रेणी मिळणार होती. मीही बोटांवर मोजलं, मामांसारखंच. चार आणि चार. मला नीट माहीत होतं मी काय मोजतेय. मग मी अर्जावर सही केली.

परभणीला उतरले ती आधी कचेरीत गेले, घरीही नाही. मामा गेल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले होते. नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली, फोटो काढला, असं तिथल्या कारकुनांनी सांगितलं. त्या दिवशी मामांना जीपमधून घरी सोडलं, पुढच्या सीटवर बसवून, डाव्या बाजूला. 

दुसऱ्या सकाळी एसटीने पेडगावला गेले. जाताना ठरवून ठेवलं होतं, की ते रागावतील, आणि मी ऐकून घेईन, तोंडातून एक शब्द काढणार नाही. त्यांनी मला लांबूनच ओळखलं आणि झपझप चालत आले, इतके व्यवस्थित, की माझ्याच्याने बघवेना. मामींनी बाज टाकली, चहा केला, त्यांच्याच कपात. मामा मुंबईचं हवापाणी विचारत होते. माझ्या येण्याला उशीर का झाला ते त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले, मामा, माझी चूक झाली. ते म्हणाले, चालायचंच, शिक्षण म्हणल्यावर येळ लागतोच. मग हळूच म्हणाले, कागद आणलाय का, बघू द्या.

मी पिशवीतून काढून दिला. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं, सगळं इंग्रजीत. मामांनी हात धोतराला पुसले आणि मग तो घेतला. मला मराठीत वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं, माझं नाव, विषयाचं नाव, वरची श्रेणी. त्यांनी श्रेणीचा शब्द दोनदा विचारून घेतला.

मग ते उठून ओट्यावर गेले आणि त्यांनी शेजारपाजारच्यांना हाका मारल्या. पाच-सहा माणसं जमली, दोन म्हातारे, त्यांच्या सुना, एक मास्तर. मामांनी कागद दोन्ही हातांनी छातीपुढे धरला. त्या माळावरच्या रविवारनंतर इतके खुललेले मी त्यांना पाहिलेच नव्हते.

“म्या सांगत न्हवतो का, बाई मपल्यासाठी शिकायला गेल्यात म्हून? कुणाला पटंना. ह्यो बगा कागद.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “व्हय का न्हाई, बाई? सांगा तुमीच.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले.